देवाची लाल बाटली

माझा बाप आमच्या कोरकू वस्तीचा भुमका, म्हणजे देवाचा पुजारी. सातपुड्याच्या पायथ्याशी आमची घरं, बाजार जामोदला. मुठवा देवाला मोहाची दारू लागायची. देवापुढे थोडी सांडायची, मडक्यात उरलेली सगळ्यांनी पानाच्या द्रोणातून प्यायची.

मग घरी दारू गाळायला बंदी आली. आबकारीच्या शिपायांनी भट्ट्या फोडल्या. देवाला कोरडं कसं ठेवायचं? बाजारात एक सोडेवाले चाचा तोंडाशी काचेची गोळी अडकवलेल्या बाटल्यांत लाल, गोड सोडा विकायचे. बापानं देवाला कौल लावला आणि देवानं सोडा मान्य केला. देवाचं काय जातं म्हणा.

मडकं सगळ्यांत एक असे, बाटली मात्र घरटी वेगळी येऊ लागली. गोळी आत ढकलली की ती परत बंद होत नाही, आणि देवापुढे फोडलेली बाटली उरता कामा नये. उरलेलं भुमक्यानं प्यायचं असा नवाच रिवाज पडला. लग्न असो, कुणाला ताप असो, बाप ढेकर देत फिरायचा. आम्हा पोरांना त्याचा हेवा वाटे.

पुढे त्याला तहान लागू लागली. घागर रिती केली तरी भागेना. तो लघवीला बसे तिथं मुंग्या जमत. पायाच्या बोटाची जखम चिघळली. जळगावच्या डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं. सगळं बाटलीनंच केलं असं मी म्हणत नाही, पण बाटली थांबली नाही हे खरं.

आई म्हणाली, "सारी देवापुढंच सांडून द्या ना. पिता काऊन?"

"नवस फिटला नाई म्हनतीन लोकं," बाप म्हणाला. "देव त्यायचाबी आहे."

पुढच्या पूजेला त्यानं पुन्हा बाटली तोंडाला लावली. आई उठून घरी गेली. मला त्याचा भयंकर राग आला, तो अजून गेलेला नाही.

बाप वारल्यावर त्याच्या नावाचा सागवानी खांब, आमचा मुंडा, उभा केला. लोक मानानं लाल बाटल्या घेऊन आले. आईनं त्या हातानं बाजूला सारल्या आणि घागर पुढे ओढली.

"त्याले पानी पाजा. जाईपरेंत पानीच मागत होता."

सगळ्यांनी ओंजळीनं खांबाशी पाणी घातलं. बाटल्या न फोडता परत गेल्या.

पुढच्या पूजेला नव्या भुमक्यानं पाण्याचा कौल लावला. देवानं तोही लगेच मान्य केला. इतकं सोपं होतं ते.