शीलाताईंच्या टाकीतली जोडी

बदलापूर पूर्वेला आम्ही राहायला आलो तेव्हा समोरच्या दारावर दोन नावं होती. वर शीला तांबे, खाली संजीवनी भोईर. दोघी अंबरनाथच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होत्या. ब्लॉक शीलाताईंचा. त्यांनी लग्न केलं नव्हतं. संजीवनीताई नवऱ्याचं घर सोडून आल्या होत्या. चार दिवसांपुरत्या म्हणून उतरल्या आणि राहिल्याच. पुढे कंपनी बंद पडली. शीलाताईंना उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, दाताच्या डॉक्टरांकडे पेशंटचे नंबर लावायचं काम मिळालं. संजीवनीताई घरी शिलाई करू लागल्या.

मग बारवी धरणाकडच्या गावात संजीवनीताईंची भावजय वारली. मागे दोन लहान मुली. भाऊ, सदू, बहिणीला न्यायला आला. "वर्षभराचा प्रश्न आहे," जाताना त्या म्हणाल्या. पण शिलाई मशीनही टेम्पोत चढलं, तेव्हा शीलाताई काय ते समजल्या. गाव काही फार लांब नाही. तरी दोन मुली, भावाची भातशेती, गोठा; येणं व्हायचंच नाही. फोन यायचा. तोही पुढे पुढे सणावारी.

त्यानंतर शीलाताई फारशा बोलेनाशा झाल्या. कामावरून आल्या की दार लावून घ्यायच्या. कुकरच्या शिट्टीवरून आम्हाला कळायचं की घरात आहेत.

पुढच्या वर्षी त्यांच्या डॉक्टरांनी दवाखान्याचं काम काढलं आणि तिथली माशांची टाकी नकोशी झाली. तिच्यात दोनच एंजल मासे उरले होते, चपटे, चंदेरी, अंगावर उभे काळे पट्टे. एकाच्या शेपटीला खाच होती. "हवी असेल तर घेऊन जा," डॉक्टर म्हणाले. शीलाताईंनी आजवर मांजरसुद्धा पाळलं नव्हतं. होकार का दिला, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मासे असलेली झाकणाची बादली मांडीवर घेऊन त्या घरी आल्या. मशीन गेल्यापासून मोकळ्या पडलेल्या कोपऱ्यात टाकी बसली.

दोन्ही मासे एकमेकांना सोडून हलत नव्हते. पंपाची नळी दोघं मिळून तोंडाने घासून साफ करत राहायचे. दवाखान्याजवळ लछमनदास नावाच्या सिंधी गृहस्थांचं माशांचं दुकान होतं. शीलाताईंनी त्यांना विचारलं.

"बहनजी, ये तो जोड़ी बन गई है," ते म्हणाले. "थोड़ा ध्यान दो, अंडे देंगे."

तेव्हापासून त्या घरात हालचाल सुरू झाली. नळाचं पाणी बादलीत उघडं ठेवून, त्यातला औषधाचा वास गेला की थोडं थोडं बदलायचं. पाणी कोमट राहील एवढा हीटर. खायला जिवंत अळ्या. त्यांचा डबा हातात धरताना शीलाताईंच्या अंगावर काटा यायचा, तरी आणायच्या. अंडी घालायला लहान मुलांची दगडी पाटी आणून तिची लाकडी चौकट काढली आणि टाकीत तिरकी टेकवून ठेवली. टाकीला जुन्या साडीचा पडदा लावला. पहिल्यांदाच त्यांनी मला आपणहून हाक मारली, "येऊन बघ, पण हळू बोल."

पाटीवर खसखशीएवढी अंडी ओळीने चिकटली होती. दोन्ही मासे आळीपाळीने त्यांच्यावर पर हलवून वारा घातल्यासारखं करत होते. शीलाताईंनी गावाला फोन लावला. "संजू, अंडी दिली," एवढंच म्हणाल्या आणि पलीकडचं ऐकत बराच वेळ हसत राहिल्या.

अंडी पांढरी पडली. माशांनीच ती खाऊन टाकली. पहिल्या खेपेला असं होतं, असं लछमनदास म्हणाले. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. तिसऱ्या वेळी शीलाताईंनी लोडशेडिंगला दोष दिला. वीज गेली की पंप बंद पडायचा, म्हणून त्यांनी रजा घेतली आणि पेल्याने पाणी उचलून वरून धार सोडत बसल्या. तरीही अंडी पांढरीच झाली.

शेवटी त्यांनी लछमनदासना घरी बोलावलं. ते आले त्या दिवशी मासे पुन्हा पाटीवर होते. गुडघ्यावर बसून त्यांनी निरखून पाहिलं. एक मासा अंडी ठेवून बाजूला झाला, की दुसराही तेच करत होता.

"बहनजी," ते जरा संकोचून म्हणाले, "नर कोई नहीं है. दोनों मादी हैं."

शीलाताईंनी चहा टाकला. लछमनदास म्हणाले, एक मला द्या, बदल्यात चांगला नर देतो. एवढ्या खटपटीनंतर नाही कशाला म्हणायचं, म्हणून त्यांनी होकार दिला. खाच असलेली मादी पिशवीतून गेली आणि नर आला.

त्याने आल्या आल्या उरलेलीचा पाठलाग सुरू केला. तिचे पर फाटले. ती हीटरमागे जाऊन राहिली आणि खाईनाशी झाली. "जमेल हळूहळू," मी म्हटलं. शीलाताईंनी थोडे दिवस वाट पाहिली. मग एका सकाळी नराला पिशवीत घालून त्या दुकानात गेल्या. खाचेवरून आपली ओळखली आणि परत मागितली.

"फिर बच्चे नहीं होंगे," लछमनदासनी बजावलं.

"नसू देत."

दोघी पुन्हा एका टाकीत आल्यावर हीटरमागची बाहेर आली. महिन्याभराने पाटीवर अंडी दिसली.

त्याच सुमारास संजीवनीताई डोळे तपासायला बदलापूरला आल्या. मीही तिथे होते. त्या वाकून टाकीत बघत राहिल्या.

"यातून काही निघायचं नाही ना?"

"नाही."

"मग राखतात कशाला?"

"त्यांना कोण सांगणार," शीलाताई म्हणाल्या. "जेवून जा. आज राहिलीस तरी चालेल."

"मुली वाट बघतील गं." संजीवनीताईंनी टाकीच्या काचेवर बोट टेकवलं. "मोठी आता मला आई म्हणते."

"म्हणू दे की," शीलाताई म्हणाल्या, आणि ताटं घ्यायला आत गेल्या. जेवण झाल्यावर त्या संजीवनीताईंना गावाकडच्या जीपपर्यंत पोचवायला गेल्या. परत आल्या तेव्हा दार उघडंच होतं, मी बसले होते.

नंतर दोनेक वर्षं मासे होते. खाच असलेली आधी गेली. शीलाताईंनी पाटी बाहेर काढली, धुतली, कपाटावर ठेवली. मी म्हटलं, "लछमनदासकडून दुसरी आणा ना. ही एकटी पडली."

"नको. नवीन आणली तर हिला त्रास." त्या बादली घेऊन नळाकडे गेल्या. "राहील. लागते सवय."