मी वाचून दाखवलेली गोदा

भावाला सांगितलं नाही. आई गेली, तिलाही नाही. शाळेतल्या मुली कधीमधी विचारायच्या — बाई, तुम्ही शिकवायला कशा लागलात? त्यांना मी अर्धंच सांगायचे. ते अर्धं इतकं छान होतं की पुढचं कुणी विचारलंच नाही. तुम्ही माझे कोण लागता? कुणीच नाही. म्हणूनच बहुधा आज तुमच्यापाशी जीभ उचलतेय.

आधी अभिमानाची गोष्ट सांगते. ती सांगायला मला आवडतं, हे कशाला लपवू?

लढाईची वर्षं होती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. आम्ही डोणगावचे. माझा थोरला भाऊ — दादा — फौजेत मोटार चालवायचा. एकदा रजेवर आला तेव्हा ट्रंकेतून चार-पाच पुस्तकं निघाली. गोऱ्या सोल्जरांनी वाचून टाकून दिलेली. कव्हरं फाटलेली, कागद पिवळा, आणि आत नुसती चित्रं. प्रत्येक पानावर चौकोनच चौकोन. "याले कॉमिक म्हणतात," दादा म्हणाला, आणि पुस्तकं माझ्या मांडीवर टाकून झोपायला गेला.

मी तेव्हा सतरा-अठराची असेन. लग्न होऊन वर्षाच्या आत नवरा वारला होता, आणि आमच्या घराण्यात दुसरं लग्न लावत नसत. माहेरी परत आले होते. मराठी चौथी पास, आणि दिवस रिकामे.

ती पुस्तकं मी किती पाहिली असतील! डोळ्याजवळ नेलं की बाईच्या गालाचा रंग विरघळायचा, नुसते लाल ठिपके उरायचे. लांब धरलं की पुन्हा गाल. आणि ते चौकोन — एकात बाईचा हात दाराच्या कडीवर. मग बोटभर कोरी जागा. पुढच्यात दार उघडं आणि बाई आत. मधे दार उघडलं कुणी? चित्रकारानं तर काढलंच नव्हतं. ते मी उघडलं होतं! हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी एकटीच हसत बसले. त्या कोऱ्या पट्टीत मला कुणी अडवणारं नव्हतं. तिथे मी वाटेल ते घडवू शकत होते — आणि पुढचं चित्र मला साक्ष द्यायचं.

दुपारी आमच्या ओट्यावर बाया शेंगा फोडायला बसायच्या. एकदा सरूकाकूनं विचारलं, "कमल, त्यात काय लिहेल हाये वं? वाच ना."

मला इंग्रजी येत नव्हतं. एक अक्षरही नाही. मी वाचायला लागले.

ती खोटं बोलण्याची सुरुवात. पण काय वाचलं मी! विमान चालवणारी, डोळ्यांवर मोठा चष्मा लावणारी एक बाई होती त्यात. तिचं नाव मी गोदा ठेवलं. गोदाचा भाऊ लढाईत हरवला, ती विमान घेऊन त्याला शोधत फिरते. डोंगर, समुद्र, बर्फ — जे चित्रात येईल ते मी तिच्या वाटेत घातलं, आणि लांबून दिसणारा एक शिपाई तिचा भाऊ ठरवला. फुग्यांतल्या अक्षरांवर बोट फिरवायचे आणि सांगायचे. सरूकाकूचा स्वतःचा मुलगा फौजेत होता. शेंगा फोडायचं थांबवून ती विचारायची, "भेटला का वं गोदाले भाऊ?" मी म्हणायचे, उद्या. दुसऱ्या दिवशी ओट्यावर जागा पुरायची नाही. पाटलीणबाईसुद्धा येऊन बसायच्या. हळदीकुंकवाला मला कुणी बोलवत नसे, सवाष्णी सकाळी मला पाहून वाट बदलायच्या — आणि दुपारी त्याच माझ्या तोंडाकडे बघत बसलेल्या. तुम्ही असता तर सोडलं असतं?

आता कुलसुम.

दवाखान्यातल्या कंपाउंडरची मुलगी. माझ्याच वयाची. खामगावला मावशीकडे राहून इंग्रजी शिकलेली — खरोखरची शिकलेली. गावात आली तेव्हा माझ्याशी आधी बोलली तीच. माझ्या रिकाम्या कपाळाकडे न बघता बोलणारी तीच एकटी. विहिरीवर भेटायची, शिवणाचे टाके शिकवायची. पाटलीणबाईंच्या मनात होतं की आपल्या ओसरीवर मुलींचा एक वर्ग काढावा आणि कुलसुमनं शिकवावं. तसं त्या कंपाउंडरशी बोललेल्याही होत्या. कुलसुमनं मला विहिरीवर सांगितलं तेव्हा तिचे डोळे नुसते चमकत होते.

एके दुपारी ती ओट्यावर आली. बायांच्या मागे उभी राहून ऐकलं, मग पुढे येऊन माझ्याशेजारी बसली आणि पानात वाकून बघितलं. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. अगदी सहज म्हणाली —

"कमल, काय सांगून राह्यली वं? तसं लिहेल नाही त्यात. ही बाई तं चोर हाये. फौजेचा नकाशा चोरून पळून राह्यली. अन् हा तिचा भाऊ नाही, तिले पकडायले आलेला शिपाई हाये."

शेंगा फुटायच्या थांबल्या. सरूकाकू माझ्याकडे बघायला लागली.

खरं सांगू? मला ते माहीत होतं. अक्षर येत नसलं तरी चित्र मला येत होतं. त्याच पानावर खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकोन होता — गोदा बुटात कागद लपवते, डोळे तिरके. तो चौकोन मी रोज अंगठ्यानं झाकायचे. त्या वेळीही माझा अंगठा तिथेच होता.

मी म्हणू शकले असते, हाव बाई, मले इंग्रजी येत नाही, मी मनानं सांगते. बाया हसल्या असत्या. कदाचित म्हणाल्या असत्या, सांग मनानं. कोण जाणे?

मी म्हणाले, "तुह्या बापानं दवाईच्या बाटलीवरच्या चिठ्ठ्या वाचायले शिकवलं असन तुले. तेवढ्यानं इंग्रजी येते काय?"

बाया खदखदून हसल्या. कुलसुमला वाटलं मी चेष्टा करतेय. तीही हसली थोडी. "दे इकडं, मी वाचून दाखवतो," म्हणत तिनं पुस्तकाला हात घातला.

आणि मी पुस्तक छातीशी ओढून म्हणाले, "हात लावू नको."

एवढंच. पण आमच्या गावात हे शब्द कोण कुणाला म्हणत असे, ते मला ठाऊक होतं. ती मुसलमानाची, मी देशमुखाची. बायांनी त्यांचा त्यांचा अर्थ घेतला, आणि तो त्यांनी घ्यावा हे मला हवं होतं. मला स्वतःला ते शब्द किती वेळा ऐकावे लागले होते — कुंकवाच्या ताटापाशी, नव्या नवरीपाशी. ते कुठे लागतात हे मला नेमकं माहीत होतं. म्हणूनच ते सापडले.

कुलसुमचा हात हवेतच राहिला. मग तिनं तो ओढणीत घेतला, चपला शोधल्या, गेली.

"तिले काय येते?" पाटलीणबाई म्हणाल्या. आणि चार दिवसांनी मला बोलावून म्हणाल्या, "पोरीयचा वर्ग तूच घे, कमल."

मी हो म्हणाले.

जन्मभर शिकवलं. पुढे परीक्षा दिल्या, इंग्रजीही शिकले, नीट शिकले. पहिलीच्या मुलींना मी अक्षर देण्याआधी चौकोन द्यायचे — खडूनं दोन चौकोन आणि मधे कोरी जागा. इथे काय झालं गं? ज्या मुलीचा घरी आवाज निघत नसे ती बोलायला लागायची. माझ्या मुली नर्स झाल्या, ग्रामसेविका झाल्या, दोघी-तिघी शिक्षिका झाल्या. याचा मला अभिमान आहे. आणि इंग्रजी आल्यावर मी ते पुस्तक खरं वाचलं तेव्हा कुलसुमचा शब्दन् शब्द बरोबर निघाला. तरी सांगते — माझी गोदा त्यांच्या गोदाहून चांगली होती. तिचाही मला अभिमान आहे. त्यानं त्या दुपारचं काही कमी होत नाही.

कंपाउंडरांची त्याच वर्षी बदली झाली. कुलसुमला दुसरबीडला दिलं, असं ऐकलं. कितीतरी वर्षांनी साखरखेर्ड्याच्या बाजारात कुणीतरी हाक मारली, "कमल!" — तीच. केस पांढरे, बरोबर शाळकरी नात. मला वाटलं, आता त्या दुपारचं बोलेल. ती माझा हात धरून म्हणाली, "तुही शाळा लय नावाजून राह्यली म्हणतात." तिचं तोंड खरंच फुललं होतं. नातीला म्हणाली, "या बाईनं आपल्याकडच्या पोरी शिकवल्या. सलाम कर."

पोरीनं वाकून सलाम केला. मी तो घेतला.