सोजराबाईंची हरकत

वेल्ह्याच्या तहसील कचेरीबाहेर, पत्र्याच्या शेडखाली बसून मी सव्वीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितोय. माझ्या अर्जात 'सविनय' हा शब्द नाही असं आजवर एकदाच झालं, आणि त्याच अर्जानं मला अकरा आमदारांसमोर नेऊन उभं केलं. तो अर्ज सोजराबाईंचा.

सोजराबाई तोरण्याच्या अंगाला, वरच्या धनगरवाड्यावर राहतात. घरं चार, बाकी कातळ आणि रान. वय विचारलं तर म्हणतात, "माजं र्‍हाऊ द्या, शेळ्यांचं इचारा." शेळ्या तेवीस. प्रत्येकीला नाव आहे, प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे आणि तो सविस्तर ऐकवल्याशिवाय त्या समोरच्याला सोडत नाहीत. मला माझ्या सख्ख्या चुलतभावांची एवढी माहिती नाही.

गेल्या वर्षी दोन आजारी शेळ्या घेऊन त्या जनावरांच्या दवाखान्यात निघाल्या होत्या. वाटेत कचेरीपाशी जरा टेकल्या. भिंतीवर शिपायानं नुकतीच खळ लावून नोटीस चिकटवली होती. एक शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि तिनं नोटिशीचा खालचा अर्धा भाग फस्त केला. शिपाई बोंबलत आला. इकडे सोजराबाईंना आनंद मावेना, कारण त्या शेळीनं तीन दिवस तोंडाला काही लावलं नव्हतं.

"वरडू नगा," त्या शिपायाला म्हणाल्या. "तिनं काय खाल्लं तेवडं सांगा. डाक्टर इचारंल."

सांगायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. विधिमंडळात डोंगरी भागातल्या मोकाट जनावरांबद्दल एक विधेयक आलं होतं. ते आमदारांच्या समितीकडे गेलं होतं आणि समिती लोकांकडून हरकती व सूचना मागवत होती. मी मोबाईलवर ते विधेयक शोधलं आणि व्याख्या वाचून दाखवली: "मोकाट जनावर म्हणजे दोरीविना वा साखळीविना फिरणारे कोणतेही जनावर." असं जनावर कोंडवाड्यात जाणार, आणि तिसऱ्यांदा सापडलं तर त्याचा लिलाव होणार.

सोजराबाईंनी मला ते पुन्हा वाचायला लावलं.

"तेवीस शेळ्यांना तेवीस दोऱ्या, आन माजं हात दोन," त्या म्हणाल्या. "एक झाडाभवती फिरंल, दुसरी तिच्याभवती फिरंल. सांजच्याला म्या काय दोऱ्यांच्या वेण्या उकलत बसू?" मग त्यांचा आवाज उतरला. "कोंडवाड्यात शेळी जगत न्हाई वो, आनंदराव. आन शेळ्या गेल्या तर म्या तरी काय करू हितं? लिवा."

मी कागद ओढला आणि 'सविनय' लिहायला घेतलं. त्यांनी माझा हात धरला.

"माजं बोलनं हाय तसं लिवा. तुमचं त्यात घालू नगा."

इतका अपमान माझा कुणी केला नव्हता. तरी लिहिलं. अर्ज असा: "सायेब, आमची काय बी हरकत न्हाई. पन कायदा लिवनाऱ्यानं शेळी पाळल्याली दिसत न्हाई. दोरी बगू नगा, राखण बगा. ज्याच्यामागं राखण न्हाई तेच मोकाट."

"बाई," मी म्हणालो, "हरकत नाही असं लिहून कुणी हरकत घेतं का?"

"मंग काय येकदम भांडाया लागू? पयलं हरकत न्हाई म्हनायचं, मंग काय ते सांगायचं. म्हंजी मानूस ऐकून तरी घेतो."

हे मला पटलं. घरी बायकोशी मी असाच बोलतो.

दोन महिन्यांनी समितीनं आलेल्या अर्जांचा गोषवारा नावानिशी सगळ्यांसाठी खुला केला. हे चांगलंच केलं, नाहीतर आम्हाला कधी कळलंच नसतं. चारशे बारा नंबरवर आमचं नाव होतं आणि त्यापुढं लिहिलं होतं: "हरकत नाही." माझं डोकंच फिरलं! ज्यानं कुणी तो गोषवारा केला तो पहिलं वाक्य वाचून चहाला गेला असणार. हरकत असलेल्यांना पुण्याला सुनावणीसाठी बोलावणं होतं, आम्हाला नव्हतं. शेळ्या जावेच्या हवाली करून सोजराबाई तशाच एसटीत बसल्या, आणि मीही.

सुनावणी सर्वांना खुली होती, म्हणून आत तर घेतलं. नावं संपली तेव्हा सोजराबाई उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी यादी पाहिली.

"आजी, तुमची तर हरकत नाही."

"न्हाई म्हंजी हाय!"

"आहे की नाही?"

"अवो, हाय म्हनून तर न्हाई म्हनलं!"

कामकाज टिपून घेणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. मी पुढं होऊन धनगरवाड्यावरचं व्याकरण समजावून सांगू लागलो, तर सोजराबाईंनी मला हातानंच मागं सारलं.

"तुमी किती जन बसलाय हितं?"

"अकरा," अध्यक्ष म्हणाले.

"येकाच्या बी गळ्यात दोरी न्हाई. मंग तुमी मोकाट का?"

मी दरवाजा किती लांब आहे ते पाहून घेतलं. पण अध्यक्षच पहिले हसले, मग बाकीचे दहा.

"नाही हो आजी. आमच्यावर लोकांची राखण असते."

"मंग शेळीला बी तेच लावा की," सोजराबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

समितीचा अहवाल आला तेव्हा मी धनगरवाड्यावर निरोप धाडला. त्या आल्या. मी वाचलं: "दोरी, साखळी किंवा राखण यांपैकी काहीच नसलेले जनावर." अहवालात त्यांचं नाव कुठंच नव्हतं. मला राग आला, त्यांना नाही. तो एक शब्द त्यांनी तीनदा वाचून घेतला. मला मात्र भरून आलं. सव्वीस वर्षांत माझा एक शब्द सरकारनं उचलला नव्हता.

"झाला कायदा?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही. आता सभागृहात मतदान व्हायचंय."

"तितं ह्यो सबूद काडून परत नुसती दोरी घालत्याल?"

खोटं कसं बोलू? "घालू शकतात," मी म्हणालो.

"तितं आमाला बोलाया देत्यात?"

"छे. पास मिळाला तर वर गॅलरीत बसता येतं. बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही. नुसतं बसायचं." एवढ्या लांब मुंबईला जायचा विचार त्यांनी सोडावा म्हणून मी हे जरा जोर देऊनच सांगितलं.

सोजराबाईंचा चेहरा खुलला.

"मंग बरं हाय की! राखण करताना कोन बोलतं? दिसभर म्या दगडावर नुसती बसूनच असते. बाई वरून बगतीया, येवडं खाली कळलं की बास."

मी पासाचे दोन अर्ज लिहिले.