गाडी पळवायला

माझ्या खोलीपासून कंपनीचं गेट अडीच किलोमीटरवर आहे. मध्ये एक चौक, दोन स्पीडब्रेकर आणि शिफ्ट सुटताना माणसांची ही गर्दी. एवढ्या अंतरासाठी डिझेल गाडी घेणारा माणूस अख्ख्या कारेगावात मी एकटाच असेन. हे मला गाडी घेतल्यावर दीड महिन्याने कळलं. आधी कळायला हवं होतं, पण त्या दिवसांत मला बऱ्याच गोष्टी उशिरा कळत होत्या.

गाडी घेतली ती बायको माहेरी गेल्यावर. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, तो हाच प्रकार.

झालं होतं असं. उन्हाळ्यातल्या एका दुपारी मुलीला ताप चढला आणि फिट आली. मुलगी तेव्हा चार वर्षांची. मी लाइनवर होतो आणि फोन लॉकरमध्ये, कारण आमच्याकडे आत फोन नेता येत नाही. बायकोने सात वेळा फोन लावला. मग पोरीला खांद्यावर टाकून ती हायवेवर उभी राहिली आणि मिळेल त्या रिक्षाने शिरूरला दवाखान्यात गेली. शिफ्ट सुटल्यावर फोन पाहिला आणि मी मोटरसायकलवर तसाच पळत सुटलो. पोहोचलो तेव्हा पोरीच्या एका हाताला सलाईन होती आणि दुसऱ्या हाताने ती बिस्कीट खात होती. माझा जीव भांड्यात पडला. अशा वेळी माणसाने बायकोच्या पाठीवरून हात फिरवावा. मी म्हणालो, "नेलंस ना वेळेवर? झालं की मग."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने पोरीच्या तोंडावरचा बिस्किटाचा चुरा पुसला. चार दिवसांनी सासरे आले आणि तिला व मुलीला दौंडला घेऊन गेले.

आमच्याकडे रीत अशी की रुसून गेलेल्या बाईला नवऱ्याने न्यायला जायचं. फोनवर "ये" म्हणून चालत नाही. तिच्या दारात जायचं, चहा घ्यायचा आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, "न्यायला आलोय." दोन शब्द. मग घरची माणसं थोडं ऐकवतात, आपण मान खाली घालून ऐकायचं, आणि संध्याकाळी बॅगा बाहेर येतात. माझ्या वडिलांनी हे केलं होतं, चुलत्यांनी दोनदा केलं होतं. मला मात्र ते दोन शब्द जड जात होते. न्यायला आलोय म्हणजे चुकलो म्हणणं, आणि मी कुठे चुकलो होतो? कंपनीने फोन लॉकरमध्ये ठेवायला लावला, त्यात माझी काय चूक, असं मी स्वतःला रोज समजावत होतो. त्यातून अक्कल काढली की आपण बोलायचंच नाही. दारात गाडी नेऊन उभी करायची. मोटरसायकलवरचा संसार संपला हे तिचं तिला कळेल.

मांडवगण फराट्याहून चुलत्यांना बोलावून घेतलं. त्यांचा जन्म ट्रॅक्टरवर गेलेला. कोरेगाव भीमाजवळ हायवेला जुन्या गाड्यांचं एक दुकान होतं, तिथे गेलो. चुलते गाडीखाली आडवे झाले, ऑइलचं झाकण काढून वास घेतला, सायलेन्सरमध्ये बोट फिरवलं आणि डिझेलच घ्यायची म्हणाले. आमच्या घरात आजवर पेट्रोलवर फक्त मोटरसायकली चालल्या. मोठी वस्तू म्हटली की डिझेल. तू रोज किती लांब जातोस, हे चुलत्यांनी विचारलं नाही, विकणाऱ्याने विचारलं नाही आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. आधीचा मालक रोज पुणे-नगर करायचा एवढं मात्र दुकानदाराने कौतुकाने सांगितलं.

मागच्या काचेवर त्या मालकाचं कुटुंब चिकटवलेलं होतं. काड्यांची माणसं असतात तसली पांढरी चित्रं. बाप, आई, वेणीवाली मुलगी आणि टोपीवाला मुलगा. खोलीवर आल्यावर मी ब्लेडने टोपीवाला मुलगा खरवडून काढला. उरलेले तिघे बरोबर आमच्याएवढे होते.

चुलती पूजा करायला निघाली होती. मी नको म्हणालो. गाडीला ओवाळायचं ते बायकोनेच ओवाळायचं. आणलेला नारळ मी डिकीत ठेवून दिला.

पहिल्या रविवारी दौंडला गेलो. सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले, स्टेशनच्या मागे त्यांचं घर. गाडी दारातल्या लिंबाखाली लावली. सासऱ्यांनी विचारलं की आज कशी काय वाट वाकडी केली. मी म्हणालो, गाडी घेतली, म्हटलं दाखवावी. ते उंबऱ्यातूनच हो-हो म्हणाले. बायकोने दारातून पाहिलं, "चांगली हाय," म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. मुलगी गाडीभोवती तीन फेऱ्या मारून माझ्या मांडीवर येऊन बसली. मी चहा घेतला आणि परत आलो. आता पुन्हा जायला निमित्त काय, हे मला परतीच्या अख्ख्या रस्त्यावर सुचलं नाही.

ते निमित्त गाडीनेच दिलं. दीड महिन्याने मीटरमध्ये एक पिवळा दिवा लागला आणि गाडी ओढेनाशी झाली. शिरूरच्या मेकॅनिककडे नेली. त्याने रोजचं अंतर विचारलं आणि कपाळाला हात लावला. हल्लीच्या डिझेल गाड्यांना धुराची काजळी धरून ठेवणारा फिल्टर असतो. गाडी लांब पळाली, चांगली तापली, की ती काजळी आतल्या आत जळून जाते. अडीच किलोमीटरमध्ये काय तापणार? "दादा, ही गाडी बांधून ठेवायची न्हाई," तो म्हणाला. "आठवड्यातून एकदा तरी पळवा. कुठंबी जा, पण लांब जा."

फिल्टर चोक झाला म्हणून खूश होणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं असेल. कारेगाव ते दौंड पंचावन्न किलोमीटर होतात.

त्या दिवसापासून माझे रविवार सुरू झाले. न्हावरा, इनामगाव, काष्टी, मग भीमेचा पूल आणि दौंड. दारात गेलो की मी चपला काढता काढताच सांगायचो की गाडी पळवायची होती, लाइट लागला होता. जाऊन-येऊन एकशे दहा किलोमीटर झाल्याशिवाय तो विझत नाही, असंही ठोकून दिलं होतं. खरं म्हणजे लाइट दर आठवड्याला लागायचाच नाही, आणि लागला तरी इनामगावच्या अलीकडे विझून जायचा. तिथून पुढचा रस्ता गाडीसाठी नव्हता, माझ्यासाठी होता.

बाहेरच्या खोलीत मी बसायचो. मागे स्टेशनात रेल्वेचा भोंगा वाजला की सासरे घड्याळाकडे बघून कुठली गाडी आणि किती लेट ते सांगायचे. मुलगी चित्रं दाखवायची. बायको चहा आणायची आणि लाइटचं काय म्हणून विचारायची. मग मी काजळी कशी साठते, कशी जळते, ते सविस्तर सांगायचो. काजळीवर मी तिच्याशी जेवढं बोललो तेवढं लग्नानंतर दुसऱ्या कशावरच बोललो नव्हतो. ती दाराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकायची. ती कशाची वाट बघत होती हे मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं. जीभच उचलत नव्हती.

सासरे एकदा गाडीपर्यंत सोडायला आले. वळवताना डिकीत नारळ गडगडला. काय वाजतंय म्हणून त्यांनी विचारलं, मी पान्हा असेल म्हणालो. ते खिडकीपाशी वाकले. "पाव्हणं," म्हणाले, "ताकाला यावं आन् भांडं लपवू न्हाई." मी हसलो आणि गिअर टाकला.

खोलीवर परतलं की आठवडाभर कोणी बोलायला नसायचं. शेजारी बिहारची चार पोरं राहतात, वेगवेगळ्या शिफ्टला, त्यामुळे त्यांची आणि माझी गाठ फक्त नळावर. भाजी एकट्यापुरती करता येत नाही, ती दोन दिवस पुरायची. कधी कधी जेवण झाल्यावर मी उगाच खाली जाऊन गाडीत बसायचो. काचा वर, इंजिन बंद. मागच्या सीटवर कोणी नाही हे आरशात दिसायचं, म्हणून आरसा छताकडे वळवून ठेवायचो.

दिवाळीनंतर मेकॅनिकने एक तोड सुचवली. फिल्टरच काढून टाकू आणि साधा पाइप मारू. मग रोज कंपनीत न्या, परत या, दिव्याची कटकट संपली. असं करणं कायद्यात बसत नाही, मी म्हणालो. मला कायद्याचं कधी एवढं प्रेम नव्हतं. फिल्टर गेला असता तर माझा रविवार गेला असता.

मग तो मे महिन्यातला रविवार. मी दारात उतरलो तर मुलगी पायरीवर बसलेली, पायात बूट, केस विंचरलेले. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. आत पाय ठेवणार तोच बायको बाहेर आली. नेहमीसारखा चहा नाही, पाणी नाही. "आजबी लाइट लागलाय?" तिने विचारलं. मी हो म्हणालो.

ती सरळ गाडीकडे गेली आणि पुढचं दार उघडून बसली. गाडी घेऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्या सीटवर ती पहिल्यांदा बसत होती. मी पळतच जाऊन शेजारी बसलो.

"चालू करा," ती म्हणाली.

मी गाडी चालू केली. मीटरमधले सगळे दिवे एकदम लागले आणि विझले. एकही उरला नाही.

"कुठला लाइट?"

मी बोटाने जागा दाखवली.

"न्हाई लागला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. उलट हसू होतं, आणि ते मी वर्षभरात पहिल्यांदा ऐकत होतो. ती माझ्याकडे बघत थांबली. एवढी सोपी वेळ माणसाच्या आयुष्यात परत येत नसेल. दिवा नाही, निमित्त नाही, ती शेजारी बसलेली, आणि बोलायचे शब्द दोनच.

"सेन्सर गेला असंल," मी म्हणालो.

तिने दाराचं हँडल धरलं. मग म्हणाली, "मंग दाखवून घ्या." दार हळू लावून ती आत गेली. पायरीशी तिने मुलीच्या पायातले बूट काढले. उघड्या दारातून मला भिंतीला टेकवलेल्या दोन बॅगा दिसल्या. मुलीने विचारलं, "मम्मी, आपण पप्पांच्या गाडीत न्हाई जायचं?" तिला काय उत्तर मिळालं ते इंजिनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

मी तिथेच गाडी बंद करून आत जायला हवं होतं. निदान भीमेच्या पुलावरून तरी मागे फिरायला हवं होतं. काष्टी गेलं, इनामगाव गेलं, आणि मी आपला स्वतःलाच शिव्या घालत कारेगावात पोहोचलो.

पुढचा रविवार ओव्हरटाइममध्ये गेला. त्याच्या पुढच्या रविवारी गेलो तेव्हा रस्ताभर ते दोन शब्द मोठ्याने म्हणत गेलो, शाळेतलं पोर कविता पाठ करतं तसा. सासरे एकटेच होते. उंबऱ्यातच मी म्हणालो, "मामा, न्यायला आलोय." त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं आणि खाली बघत म्हणाले, "आता मला सांगून काय उपेग, पाव्हणं."

तिने एका मेडिकलच्या दुकानात काम धरलं होतं, रविवारी दुपारपर्यंत तिथेच असायची. मुलीचं नाव दौंडच्या शाळेत घातलं होतं. बायको घरी आल्यावर मी तिलाही तेच म्हणालो. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, आणि पोरीचं हे वर्ष जाऊ दे, मग बघू म्हणाली. ती मला टाकून बोलली नाही, अजूनही तसं बोलत नाही. ते वर्ष गेलं, पुढचं गेलं, हे तिसरं चालू आहे. चूक माझी होती. हे आता मला सहज म्हणता येतं, पण ऐकणारं माणूस ते ऐकून पुढे निघून गेलं आहे.

मी अजून रविवारी जातो. चहा मिळतो, हल्ली जेवणही मिळतं. मग मुलीला पुढे बसवून पाटसच्या रस्त्याला एक चक्कर मारून आणतो. ती आता आठ वर्षांची आहे आणि तिला मीटर वाचता येतं. लहानपणी मी तिला जे सांगितलं ते तिने तसंच धरून ठेवलं आहे. पप्पा गाडी पळवायला येतात, एकशे दहा किलोमीटर झाले पाहिजेत, नाहीतर गाडी आजारी पडते.

परवा चक्कर मारून आलो आणि लिंबाखाली गाडी लावली. मला अजून थोडं बसायचं होतं. शाळेचं काहीतरी विचारावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती मीटरवर वाकली आणि बोटांवर मोजून हिशेब केला.

"पप्पा, अजून चाळीस राहिलेत," ती म्हणाली. "निघा तुम्ही. न्हाईतर तुमचे पुरे व्हायचे न्हाईत."

ती उतरली, दार तिच्या आईसारखंच हळू लावलं आणि पायरीवर उभी राहिली. मी निघेपर्यंत ती आत गेली नाही. गाडी वळवताना डिकीत नारळ गडगडला. मी निघालो.