कच्चा जोड

आमच्या कुसगावात गेणूइतका संशयी वायरमन दुसरा नाही. गाडीतला कुठलाही जोड तो शिशाचा डाग देऊन पक्का करतो, आणि वर तीनदा ओढून बघतो. शेजारच्या माझ्या पंक्चरच्या दुकानातून मी ओरडतो, "अरं, वायर हाय ती, बैल न्हाई!" तो हसत नाही. साठी उलटली, तरी नाही.

मागच्या महिन्यात लोणावळ्याच्या अतुलशेठनी एक जुना पेट्रोल ट्रक त्याच्या दारात आणला. हौसेला मोल नसतं. कुणाच्या तरी शेडमागे छत्तीस वर्षं गंजलेला ट्रक, इंजिन तेवढं नव्यानं बांधलेलं. "काका, ठिणगीचे पॉइंट सारखे घासायची कटकट नको. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा," म्हणाले.

गेणूचा चेहराच उतरला. ट्रक सीतारामचा होता, आमच्या दोघांच्या दोस्ताचा. छत्तीस वर्षांपूर्वी ह्याच ट्रकसकट तो खंडाळ्याच्या घाटात कोसळून गेला होता. डुलकी लागली, असं पंचनाम्यात लिहिलं, आणि गावानंही तेच धरलं.

दोन दिवस गेणूनं ट्रकला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी जुने पॉइंट काढून नवं यंत्र बसवलं. त्याला स्विचपासून नवी वायर लागते, म्हणून डॅशबोर्डाखालची जुनी ओढली. जोडावरची पट्टी ढिली होती. आत दोन टोकं वेगळी, ठिणग्यांनी काळी पडलेली.

"जोड माझा हाय," तो म्हणाला. "आदल्या सांजंला लाइट गेलती. डाग देता येईना. नुसता पीळ दिला. म्हनलं, परत आलास की पक्कं करू."

हा जोड सुटला की इंजिन बंद, आणि उतारावर इंजिन बंद पडलं की ह्या गाडीचा ब्रेक दगड होतो, दाबला तरी लागत नाही, हे मलाही ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "फेकून दे. कोन इचारतंय आता?" लाज वाटते, पण म्हणालो खरा.

त्यानं ऐकलं नाही. वायर खिशात घालून सीतारामच्या रतनबाईकडे निघाला. मी मागोमाग. त्या घराचं लाइटीचं सगळं काम त्यानं फुकट केलं होतं, पण छत्तीस वर्षांत तिथला चहा कधी घेतला नव्हता.

ओट्यावर वायर ठेवून त्यानं सगळं सांगितलं. म्हातारीनं वायर हातात घेतली.

"मंग त्यांना झोप न्हवती लागली?"

"न्हाई, वैनी."

"आदल्या राती पोरीला ताप हुता. मी दमले हुते. मीच त्यांला उठवलं, पोरीला घ्या म्हनलं. रातभर जागं ठिवलं." तिनं वायर परत ओट्यावर ठेवली. "आजवर मला वाटायचं, म्याच मारलं. आन तुमी रोज ह्या दारावरनं जात हुता, भाऊ."

सीतारामच्या मरणाची माफी मागायला आलेला गेणू, हिच्या छत्तीस वर्षांची कशी मागावी ते न कळून ओट्यावरच टेकला.