राखेची खोली

साखर कारखान्याच्या बॉयलरची राख निलंग्याकडच्या आमच्या गावावर वर्षानुवर्षं पडत होती. वाळत घातलेली धोतरं काळी, पापड काळे, लेकरांचे शेंबूडसुद्धा काळे. कारखाना ती ट्रॉलीनं माळावर नेऊन टाकायचा आणि वारा परत गावात आणायचा. कुणी चकार शब्द काढला नाही. पण मी तीच राख चाळून, खडी क्रशरच्या चुऱ्यात आणि थोडक्या सिमेंटात मिसळून स्वस्तातले ब्लॉक पाडायला लागले, तेव्हा सगळ्या गावाला अचानक शुभ-अशुभ आठवलं.

"राखेच्या भिंतीत लक्ष्मी टिकत न्हाई," म्हणे. घ्यायला आलेला माणूस ब्लॉकवर ब्लॉक आपटून बघायचा. भट्टीची चांगली वीट खणखण वाजते, आमचा ब्लॉक थप्प वाजतो. तेवढ्यावर तोंड वाकडं करून निघून जायचा. मडकं घ्यायला आला होता की काय! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

सगळ्यात मोठा विरोध घरातच. सासरे रोज कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढणारे. एकदा न राहवून मी विचारलं, "मामा, कपाळाला लावता ती काय हाय मग?"

"ती शेणाची. पूजेची. कारखान्याची न्हाई," असं म्हणून त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. गाव त्यांच्या शब्दाबाहेर नव्हतं. ते नाही म्हणत होते तोवर माझा एक ब्लॉक खपणार नव्हता.

मग मी हट्टानं अंगणातच त्या ब्लॉकची खोली बांधली. मुद्दाम गिलावा केला नाही. चोरी केली होती का, लपवायला? वास्तूच्या दिवशी मठाच्या स्वामींची पाद्यपूजा जुन्या घरातच उरकली, भावकी अंगणात जेवायला बसली. नव्या खोलीत मात्र कुणी पाऊल टाकेना. सासरे तिच्याकडं पाठ करून बाजेवर बसलेले. मी कंबरेवर हात ठेवून उंबऱ्यात उभी. त्या लोकांसमोर मेले असते तरी रडले नसते.

वीटभट्टीवाले पाव्हणे हात वाळवत मोठ्यानं म्हणाले, "राखेत निजायला मसणवटा काय कमी हाय?" पंगत फिदीफिदी हसली.

सासरे उठले. मला वाटलं, झालं, चालले आता. त्यांनी बाज उचलली, मला बाजूला सारलं आणि ती नेऊन खोलीत मधोमध टाकली. मग उंबऱ्यात येऊन पंगतीकडं बघत राहिले.

"भूकंपात माझी माय दगडी भिंतीखाली गेली," ते म्हणाले. "तवा तुमच्यातलं कुणी म्हनलं न्हाई, दगड अशुभ हाय."