कोंबडीभोवती पाणी

आयर्लंडमधल्या ल्यूकनच्या त्या वसाहतीत मराठी घरं पाच, आणि पाचही घरांना ठाऊक होतं की पद्माकर दर बुधवारी कोंबडी खातो. ठाऊक नव्हतं ते फक्त त्याच्या वडिलांना. आणि वडिलांना आपण पुरते ओळखतो, अशी पद्माकरची समजूत होती. चिप बनवणाऱ्या कारखान्यात सतरा वर्षं काढूनही माणूस किती भाबडा राहू शकतो, ते बघावं तर पद्माकरकडे.

शेजारच्या लिक्सलिप गावाच्या मुख्य रस्त्यामागे, बोळात, तोशिओ नावाच्या जपानी माणसाचं दुकान होतं. दुकान कसलं, खोकंच. आठ स्टुलं, एक लाकडी काउंटर आणि पलीकडे कोळशाची अरुंद शेगडी. कोंबडीचे सुपारीएवढे तुकडे बांबूच्या काडीवर ओवायचे, भाजायचे, गोडसर सॉसमध्ये बुडवून पुन्हा भाजायचे. मांडी, कलेजी, मध्ये पातीच्या कांद्याचे पांढरे दांडे. रिकामी काडी समोरच्या नळकांड्यात टाकायची. पद्माकर भिंतीकडच्या शेवटच्या स्टुलावर बसायचा, पाच काड्या खायचा आणि वेलदोडा चघळत घरी यायचा.

दोन हजार वीसच्या जानेवारीत त्याचे आईवडील नागपूरहून आले आणि बिचाऱ्याची तारांबळ उडाली. दीनानाथ म्हणजे निवृत्त बँक मॅनेजर. संध्या चुकायची नाही, आणि पानाभोवती पाणी फिरवल्याशिवाय घास उचलायचे नाहीत. सकाळचं पॉरिजसुद्धा सुटलं नाही त्यातून. त्यांच्यासमोर पद्माकर अंड्याचा केकही खायचा नाही. बुधवारचं जॅकेट गाडीच्या डिकीत राहू लागलं.

“तुमचा प्लांट हल्ली कोळशावर चालतो का रे?” त्याची बायको उल्का शर्ट हुंगून विचारायची.

“हळू बोल ना, बाबा आहेत!”

उल्का हसायची आणि शर्ट मशीनमध्ये टाकायची. त्याच मशीनमध्ये दर शुक्रवारी सासऱ्यांची माकडटोपीही जायची. तिलाही धुराचा वास कसा, हे पद्माकरनं कधी विचारलं नाही. त्याला वाटायचं, आपल्याच कपड्यांचा लागला असेल.

आई प्रमोदिनीबाई हीटरला चिकटून मालिका बघायच्या. दीनानाथ मात्र बस पकडून “लायब्ररीत जातो” म्हणून दुपारभर गायब. पुस्तक एकही घरी आलं नाही. तेही कुणी विचारलं नाही.

फेब्रुवारीतला एक रविवार. बापलेक दोघंच भांडी पुसत होते. दीनानाथांनी वाटी कपाटात ठेवता ठेवता विचारलं, “पद्या, लिक्सलिपला काही चांगलं खायला मिळतं का रे?”

पद्माकरनं फडकं झटकलं. एक वाक्य, फार तर दीड वाक्य पुरलं असतं. पण हा म्हणाला, “छे हो बाबा. तिथे सगळं कोंबडी-बिंबडी. आपल्या उपयोगाचं काही नाही.”

“असं का,” दीनानाथ म्हणाले आणि दुसरी वाटी उचलली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोघं परत गेले. पुढच्याच आठवड्यापासून सगळं बंद होत गेलं. तोशिओची शेगडीही विझली.

पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये नागपुरात दीनानाथ सतरा दिवस ऑक्सिजनवर होते. पद्माकर ल्यूकनच्या स्वयंपाकघरात फोन हातात धरून बसला होता. विमान, परवानगी, क्वारंटीन, काहीच जुळेना. म्हातारा चिवट, घरी आला. पण वास गेला आणि चवही गेली. फुप्फुसं अशी झाली की डॉक्टरांनी विमानप्रवासाचं नावच काढू नका म्हणून सांगितलं.

“काय खाल्लंत आज?” पद्माकर फोनवर विचारायचा.

“पांढरं काहीतरी होतं. तुझी आई म्हणाली भात आहे.”

जुलैअखेर आयर्लंडमध्ये हॉटेलात आत बसून खायला परवानगी मिळाली. ऑगस्टातल्या पहिल्या बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पद्माकर तोशिओकडे गेला. आठ स्टुलांची चार झाली होती, मधे प्लास्टिकचे पडदे लागले होते. मोबाइलवरचं लशीचं सर्टिफिकेट दाखवून तो आपल्या भिंतीकडच्या जागी बसला. काड्या आल्या. जवळजवळ दीड वर्षानं आल्या म्हणून की काय, त्याचा हात आपोआप ग्लासाकडे गेला. तळहातावर पाणी घेऊन त्यानं ताटलीभोवती फिरवलं. कोंबडीभोवती! आपण काय केलं हे कळून तो स्वतःशीच ओशाळला.

तोशिओ मात्र मास्कच्या वर डोळे बारीक करून बघत होता. “तुमच्या देशात कोंबडीला असंच करतात?”

“नाही, नाही. चुकून झालं.”

“ते आजोबाही करायचे. लोकरीची टोपी, कान झाकलेले. दर शुक्रवारी दुपारी, याच स्टुलावर. आधी पाणी, मग पातीच्या कांद्याची काडी. नेहमी तीच. एकदा म्हणाले, मुलाला आणलं असतं, पण तो फार सोवळा आहे. विचारून पाहतो. मग सांगायला आले, नाही म्हणाला.”

पद्माकरनं हातातली काडी ताटलीत ठेवली. त्यानं बाहेर जाऊन उल्काला फोन लावला.

“तुला माहीत होतं?”

“दोघांच्या कपड्यांना एकच वास, मला काय नाक नाही?” उल्का म्हणाली. “बाबांनी शपथ घातली होती. तूही घातली होतीस. मला वाटलं, पुढच्या खेपेला आपोआप फुटेल सगळं.”

पुढची खेप.

तो आत आला. आणखी एक ताटली मागवली, पातीच्या कांद्याची, आणि शेजारच्या रिकाम्या स्टुलासमोर ठेवली. मग नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होत होती, प्रमोदिनीबाई शेजारी गेल्या होत्या. पद्माकरनं कॅमेरा शेगडीवर फिरवला, तोशिओवर फिरवला. तोशिओनं वाकून नमस्कार केला.



“तू तिथे काय करतोयस?” दीनानाथांनी विचारलं.

“दर बुधवारी येतो, बाबा. नऊ वर्षं झाली.”

“गाढवा. आणि मी शुक्रवारी जात होतो.” ते हसले, हसता हसता खोकले. मग चष्मा पुसून त्यांनी स्क्रीनजवळ डोळे आणले. “ती दुसरी ताटली कुणाची?”

“तुमची.”

“माझी? अरे, अजून जिवंत आहे मी! माझं पान काय वाढतोस? उचल, उचल आधी ते. खा तूच.”

पद्माकरनं घाईघाईनं ताटली ओढली. मांसाला चव होती, धूर होता, कांद्याचा गोडवा होता.

“कशी लागतेय?”

“चांगली.”

“चांगली म्हणजे? ऑफिसचा रिपोर्ट देतोयस का? नीट सांग. कांदा बाहेरून करपलाय की नाही?”

“करपलाय.”

“आणि आत?”

“आत मऊ आहे. गोड.”

“हां,” दीनानाथ म्हणाले. त्यांनी डोळे मिटले, तोंड किंचित हललं, जसं काही चावतायत. मग मान हलवली. “नाही रे. काहीच येत नाही. तू खा.”

काडी निवत आली होती. पद्माकरनं ती संपवली आणि नळकांड्यात टाकली. मग दुसरी उचलली, कारण बाबा बघत होते.